शोधणाऱ्याचं यंत्र

मी शपथ घेणार नाही. शपथ खोट्या माणसांना लागते.

लिलावात मी थापा मारते, ते मान्य. कालची मासळी आजची म्हणून खपवलेली आहे. पण इथे जे लिहितेय, त्यातला एक शब्दही पदरचा नाही.

घटना गेल्या ऑक्टोबरची. दसरा होऊन आठवडा झाला असेल. ठिकाण हर्णे, बंदराच्या वरच्या अंगाला असलेलं आमचं घर.

आणि ही मध्यरात्रीची गोष्ट नाही. तिन्हीसांजेची आहे. खाली बंदरावर लिलाव ऐन रंगात असतो, तेव्हाची.

मी नेत्रा. माहेर बुरोंडीचं. नवरा विनीत, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आमचं लव्ह मॅरेज, म्हणून अरेतुरे. माझ्या सासूला, मालनआईंना, ते अजून खटकतं.

आमच्या घरात एक रीत आहे. घरातला पुरुष बोटीवर गेला की समुद्राकडच्या खिडकीत दिवा लावायचा. तो परत येईपर्यंत विझू द्यायचा नाही. आणि तेल घालायचं ते फक्त त्याच्या बायकोने. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

लग्नानंतर मालनआईंनी तेलाची बुधली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आजपासून ह्याचा जीव तुझ्याकडं गो बाय."

मला ते वाक्य फार आवडलं होतं.

माझ्याकडं. दुसऱ्या कुणाकडे नाही.

मग विनीत बर्फात गेला.

झालं असं की, मुंबईचा एक पार्टीवाला हर्ण्याला फिरायला आला होता. त्याच्या स्पीडबोटीचं इंजिन बंद पडलं, ते विनीतने चालू करून दिलं. तो म्हणाला, आमच्या कंपनीच्या हिमाचलात स्नोमोबाईल आहेत, हिवाळ्यात तिकडे ये. स्नोमोबाईल म्हणजे बर्फावरची स्कूटरच. पुढे घसरायला दोन पट्ट्या, मागे फिरणारा पट्टा, आणि इंजिन आमच्या बोटींच्याच भावकीतलं. पगार चांगला होता. विनीत गेला.

मीही वेडी. तो बोटीवर नव्हता, तरी खिडकीत दिवा लावला.

आधी तो नुसता गाड्या दुरुस्त करायचा. मग त्या चालवून बघायला लांबच्या डोंगरांवर जायला लागला, जिथे रस्ता नाही, माणूस नाही. एकटं जायला बंदी होती. सोबत तिथलाच एक गाईड असायचा.

नोरबू.

पहिल्या हिवाळ्यात हे नाव मी इतक्यांदा ऐकलं की मला त्याची चीड आली. फोन केला की नोरबू असं म्हणतो, नोरबू तसं म्हणतो. मी घरचं काही सांगायला लागले की तिकडून "हं, हं" यायचं. नोरबूचं नाव निघालं की आवाजात जीव यायचा.

मला बाईचा संशय नव्हता. बाई असती तर परवडलं असतं. बाईशी भांडता येतं.

नोरबूने त्याला बर्फ वाचायला शिकवलं. रोज सकाळी तो बर्फात खड्डा खणायचा आणि खड्ड्याच्या भिंतीत थर बघायचा. वर वाऱ्याने घट्ट बसवलेली लादी आणि खाली साखरेसारखा सुटा बर्फ दिसला, की त्या उताराच्या वाटेला जायचं नाही. लादी कधीही सुटते. आपल्याकडे पावसाळ्यात दरड येते तशी बर्फाची दरड येते. आणि सुटण्याआधी कधीकधी बर्फ आवाज करतो. जमिनीखालून कुणी मोठा सुस्कारा टाकावा तसा... हुंफ्. तो आला की मागे फिरायचं.

उतारावर एका वेळी एकानेच गाडी घालायची. दुसऱ्याने दरडीच्या वाटेबाहेर थांबून नजर ठेवायची. एकाची गाडी रुतली तरी दुसऱ्याने मदतीला वर जायचं नाही, नाहीतर दोघे जातात. माणूस गाडला गेला तर गावातून मदत येईपर्यंत सगळं संपलेलं असतं. काढायचा तो जोडीदारानेच.

जोडीदार. विनीत त्याला हाच शब्द वापरायचा.

मला कधी वापरला नव्हता.

एकदा व्हिडिओ कॉलवर नोरबू मध्ये डोकावला. गोल चेहरा, उन्हाने काळवंडलेला. विनीतने त्याला आमच्या दिव्याचं सांगितलं होतं. घरातली गोष्ट परक्याला सांगितली, तेच मला आवडलं नव्हतं. नोरबूने विनीतच्या छातीवर पट्ट्याने बांधलेलं एक पिवळं यंत्र दाखवलं. मोबाईलएवढं, त्यावर लुकलुकणारा बारीक दिवा.

त्याला बीकन म्हणतात. दोघांच्या छातीवर एकेक असतो आणि तो सारखा सिग्नल टाकत राहतो. एक गाडला गेला की दुसऱ्याने आपलं यंत्र शोधायला लावायचं. मग पडद्यावर आकडा येतो, माणूस किती लांब आहे त्याचा. आकडा कमी होत गेला की माणूस जवळ. मग लांब बारीक सळई बर्फात खुपसत जायची, मधून सुरुवात करून गोल गोल बाहेर. सळई माणसाला लागली की खणायचं.

नोरबू हसून म्हणाला, "भाभीजी, खिड़की वाला दिया आपका. पर इसका असली दिया ये है. और ये मुझको दिखता है."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला लागायचं ते लागलं. त्या दिवशी तेल घालताना मी बुधली आपटली. रागाने.

दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, ते घडलं.

हे मला विनीतने एकदाच सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने. तो उताराच्या मध्यावर होता. नोरबू बाजूच्या धारेवर थांबला होता. वळताना विनीतची गाडी रुतली. नोरबू हात करून सांगत होता, गाडी सोड, चालत बाजूला ये.

आणि पायाखालून... हुंफ्.

विनीत गाडला गेला. खाली अंधार. बोटही हलत नव्हतं. तो म्हणाला, वरची माणसं बोलतात ते खाली ऐकू येतं, पण खालचा आवाज वर जात नाही. त्याला नोरबूच्या हाका ऐकू येत होत्या. मग सळईचा आवाज. टक... टक... जवळ येत होता.

तेवढ्यात वरून दुसरी दरड आली.

मग काहीच ऐकू आलं नाही.

पलीकडच्या धारेवर त्यांच्याच कंपनीचे आणखी दोघे होते. त्यांनी विनीतच्या सिग्नलवरून त्याला काढलं. श्वास चालू होता. नोरबू मात्र सापडला नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळला, तरी नाही.

त्याच्याही छातीवर तेच यंत्र होतं. मग तो का सापडला नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही. मला तो विषयच नको होता.

मार्चमध्ये विनीत घरी आला. म्हणजे शरीराने आला. बंदरावर कामाला जायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. बीकन त्याने नोरबूच्या लोकरी टोपीत गुंडाळून कपाटात ठेवला होता. कधीकधी मी खोलीत गेले की कपाट उघडं असायचं आणि तो पुढे उभा.

जिवंत होता तेव्हा त्या माणसाने माझा निम्मा नवरा नेला होता. मेल्यावर सगळाच नेला.

आणि मेलेल्याशी भांडणार कसं? त्याची चूकही काढता येत नाही. माझ्या नवऱ्यासाठी त्याने जीव दिला होता. मी काय दिलं होतं? दिव्यात तेल.

ऑक्टोबरात एका ट्रॉलरला इंजिनवाला हवा होता. विनीत आठवडाभरासाठी गेला. मी खिडकीत दिवा लावला.

मग मी कपाट उघडलं.

का उघडलं ते सांगते. यंत्रातला तो दिवा त्या दोघांचा होता, तो मला माझा करायचा होता. विनीतच्या जिवाचा जो काही दिवा असेल, तो माझ्या खिडकीत जळायला हवा होता. एवढंच डोक्यात होतं.

टीव्हीच्या आणि सेटटॉप बॉक्सच्या रिमोटमधले सेल काढले. यंत्रात घातले. विनीतने एकदा दाखवलं होतं तसं बटण सरकवलं.

बारीक दिवा लुकलुकायला लागला. मी तो माझ्या दिव्याशेजारी ठेवला. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी माझा पाय मुरगळला, म्हणून लिलावाला मालनआई एकट्याच गेल्या. मी खिडकीशी पाय वर करून बसले होते. खालून लिलावाचा कालवा येत होता. उकाडा असा की पदराने वारा घेतला तरी घाम.

आणि मग... कालवा थांबला.

मला वाटलं, भांडण झालं असेल. भांडणाआधी असे सगळे गप्प होतात.

मग समुद्र थांबला.

हर्ण्यात राहणाऱ्याला समुद्र ऐकू येत नाही, इतका तो कानांच्या सवयीचा असतो. थांबला की मात्र कळतं. मी कानात बोट घालून हलवलं. बांगड्या वाजल्या, पण कापसात गुंडाळल्यासारख्या.

दिव्याची ज्योत अगदी सरळ उभी होती.

मग बाहेरून आवाज आला...

टक.

आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, मी दसऱ्याआधीच केलं होतं. माती टाकून, चोपून, शेणाने सारवून. पायरीपासून माडापर्यंत गुळगुळीत. खळ्यात कुणी नव्हतं.

टक.

खळ्याच्या मधोमध एक भोक होतं. बोटाएवढं. मला वाटलं, कुर्लीचं, खेकड्याचं बीळ. किनाऱ्यापासून येतात कधीकधी वर.

मग माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या बाजूची माती आत दबली. दुसरं भोक पडलं. आतून काही बाहेर आलं नाही. वरूनच काहीतरी आत गेलं होतं आणि वर निघालं होतं.

टक... टक...

एकेका वितीच्या अंतराने. मधून सुरुवात करून, गोल गोल, बाहेर.

मला ते लगेच ओळखू आलं. मी ते कधी बघितलं नव्हतं. नुसतं ऐकलं होतं. तरी आलं.

उकाडा कुठे गेला कळलं नाही. अंगावरचा घाम गार पडला. मी श्वास सोडला आणि तोंडातून वाफ निघाली. हर्ण्यात. ऑक्टोबरात.

गोल मोठा होत होता. माडापर्यंत गेला. पायरीपर्यंत आला.

मी शेजारच्या गंगुबाईंना हाक मारायला तोंड उघडलं. जोर लावून ओरडले. गळ्याच्या शिरा ताणलेल्या मला जाणवल्या.

आवाज निघाला नाही.

खालचा आवाज वर जात नाही... ते मला तेव्हा आठवलं.

टक. आता ते पायरीवर होतं. मग ओटीवर. ओटीला फरशी आहे. फरशीवर भोक पडलं नाही, पण आवाज तोच. लोखंडाचं टोक दगडावर टेकवल्यासारखा. मग भिंतीच्या आत. मग माझ्या खुर्चीखाली.

मी यंत्र उचललं. म्हटलं, बघू तर खरं कोण आहे. बटण सरकवून शोधायला लावलं. कुणी असेल तर आकडा येईल.

पडदा कोरा.

हलवून बघितलं. दाराकडे धरलं, जमिनीकडे धरलं. काही नाही. आकडा नाही, खूण नाही. यंत्राच्या मते तिथे कुणीच नव्हतं.

आणि आवाज थांबला होता.

मला धीर आला. धीर आला आणि त्याच्यामागोमाग राग आला. इतक्या दिवसांचा साठलेला. मी त्या रिकाम्या ओटीकडे बघून म्हणाले, "तो इथं नाय. आणि असता तरी तुला दिला नसता. माझा हाय तो."

या वेळी माझा आवाज मला ऐकू आला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग घराखालून, पार खोलातून...

हुंफ्.

मांडणीवरची भांडी एकदा खणखणली. आणि समुद्र सुरू झाला. लिलाव सुरू झाला. कुणीतरी सुरमईचा भाव पुकारत होतं, मध्येच तोडलेलं वाक्य पुढे चालू करावं तसं.

मी सेल काढले.

मालनआई टोपली घेऊन आल्या, तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. त्यांनी खळ्यात बॅटरी मारली. "ह्या काय गो? कुर्ल्या शिरल्या काय खळ्यात?"

त्यांनी खराट्याचा एक हीर ओढून काढला आणि भोकात घातला. अख्खा हीर गेला, तळ लागला नाही. वर काढला तर टोक ओलं होतं. त्यांनी ते बोटाने चाचपलं आणि हात झटकला.

"बर्फागत गार हाय," म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "शोधणाऱ्याला सापडलं की तो काय करतो गो? घेऊन जातो. ठेवून नाय जात."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी भोकं बुजवली आणि वरून सारवलं. पण वाळल्यावर डाग उठलेच. गोल गोल.

विनीत आला. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून तो खळ्यात थांबला. मग उकिडवा बसला. एका डागावर बोट ठेवलं, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. मधून बाहेर. बोट कुठेच चुकलं नाही.

"नेत्रा, यंत्र चालू केलं होतंस?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "केलं होतं."

"काय झालं?"

"कायतरी आवाज आला. मी शोधायला पण लावलं. आकडा नाय आला. कोण नव्हतंच."

तो उठून माझ्याजवळ आला. मग लहान मुलाला समजावतात तसं, हळू बोलला.

"शोधणाऱ्याचं यंत्र गप्पच असतं. शोधायला लावलं की ते सिग्नल टाकत नाय. म्हणून तर तो आम्हाला सापडला नाय. मला शोधताना गेला ना तो. त्याचं यंत्र शोधायलाच लावलेलं होतं."

मी खळ्यातून पायरीवर चढले. पडदा कोरा होता म्हणून मी धीर धरला होता.

पण विनीत घाबरला नव्हता. तो त्या डागांकडे बघत होता.

"म्हणजे अजून शोधतोय," तो म्हणाला.

आणि हसला.

मार्चपासून मी त्या हसण्याची वाट बघत होते. त्याच्या आवडीचं कालवण करून बघितलं, आरे-वारेला फिरायला नेलं, देवाला नारळ ठेवले. कशाने आलं नव्हतं. ते आता आलं. माझ्यासाठी नाही आलं.

त्या दिवशी तो पोटभर जेवला. रात्री भिंतीकडे तोंड न करता झोपला. पुढचे कितीतरी दिवस तो माझ्याशीही नीट बोलायचा. शेजारीपाजारी म्हणाले, चला, विनीत माणसात आला. मी हो हो म्हणायचे. आतून जळायचे.

बीकन मी टोपीसकट तांदळाच्या डब्यात, तळाशी लपवला. विनीतने एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, विषय संपला.

आता डिसेंबर चालू आहे. विनीत परवा पुन्हा ट्रॉलरवर गेला. जाताना दारात वळला आणि म्हणाला, "दिव्यात तेल घाल हां." असं तो आधी कधी म्हणत नसे. मी खूश झाले.

आज दुपारी मालनआई म्हणाल्या, "टीव्ही का लागत नाय गो?"

रिमोट दाबून बघितला. उघडला.

सेल नव्हते.

दुसराही उघडला. त्यातही नव्हते.

मी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. मग डबा जमिनीवर पालथा केला. टोपी निघाली.

यंत्र नाही.

मालनआई दारात उभ्या राहून बघत होत्या. मग त्या तांदूळ भरायला बसल्या.

बोटीचा फोन लागत नाही. बंदरावर जाऊन सांगणार तरी काय? माझ्या नवऱ्याने छातीवर एक दिवा बांधलाय, तो विझवा?

म्हणून हे लिहितेय. तिन्हीसांज झालीय. खिडकीत माझा दिवा चालू आहे, आत्ताच तेल घातलं. मी त्याला घरी बोलावतेय. आणि तो तिकडे भर समुद्रात, छातीवर दिवा लावून, दुसऱ्याला बोलावतोय.

खाली लिलाव चालू आहे. पुकारणाऱ्याचा आवाज इथवर येतोय, सगळे भाव कळतायत.

समुद्राचा आवाज मात्र मघापासून येत नाहीये.